48 किलोंतली विश्वविजेती: दारिया बिलोदिदची कारकीर्द समजून घेताना

2024च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि तिला बाद केलं. तेव्हापासून एक प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. "एवढ्या मोठ्या स्पर्धेत शंभर ग्रॅमचं काय घेऊन बसतात?" विचारणाऱ्यांत शाळेतली मुलं होती, निवृत्त काका होते आणि लहानपणी तालमीत जाऊन आलेले लोकही होते. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही वजन उतरलं नाही, हे ऐकून सगळ्यांचा जीव हळहळला. पण वजनी गट म्हणजे नेमकं काय, तो खेळाडूच्या आयुष्यात किती खोलवर शिरतो, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

मला ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे युक्रेनच्या एका ज्युदोपटूचं. तिचं नाव दारिया बिलोदिद. सतराव्या वर्षी विश्वविजेती, अठराव्या वर्षी पुन्हा विश्वविजेती, विसाव्या वर्षी ऑलिम्पिकचं कांस्य. त्यानंतर मोठ्या यशाच्या बातम्या विरळ होत गेल्या. ही यादी वरवर वाचली की वाटतं, लवकर फुललेलं फूल लवकर कोमेजलं. मला हे वाचन चुकीचं वाटतं. तिची कारकीर्द वजनकाट्यावर ठेवून पाहिली की तीच यादी वेगळी दिसू लागते.

आधी ज्युदो समजून घेऊ

कुस्ती माहीत असलेल्या माणसाला ज्युदो समजायला पाच मिनिटं पुरतात. जपानच्या जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत आपली शाळा काढली आणि जुन्या झटापटीच्या कलांमधून हा खेळ घडवला. आपल्याकडे पैलवान लंगोटावर उतरतो. ज्युदोत दोघींच्या अंगात जाड सुती कापडाचा अंगरखा असतो, कमरेला पट्टा असतो आणि सगळा खेळ त्या कापडाच्या पकडीवर चालतो. कॉलर कुणाच्या हातात, बाही कुणाच्या हातात, यावरच अर्धी लढत ठरते.

समोरच्या खेळाडूला जोरात, वेगानं आणि ताब्यात ठेवून पाठीवर आपटलं की लढत तिथेच संपते. याला इप्पॉन म्हणतात. आपल्या भाषेत, चितपट. पाठीवर टाकलं, पण काहीतरी कमी पडलं, तर वाझा-आरी मिळते. दोन वाझा-आरी मिळून एक इप्पॉन. खाली दाबून 20 सेकंद धरून ठेवलं तरी इप्पॉन. गळा किंवा कोपर आवळल्यावर समोरच्या खेळाडूनं हार मानली, तरीही इप्पॉन. 2025पासून याखाली युको नावाचा छोटा गुणही परत आला आहे, पण बिलोदिदच्या मोठ्या विजयांच्या वेळी तो नव्हता.

लढत चार मिनिटांची. बरोबरी झाली तर वेळेची मर्यादा नसलेला जादा खेळ. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागणार आहे: नुसता बचाव केला, खोटा हल्ला केला किंवा पकड टाळत राहिलं, तर पंच शिदो म्हणजे ताकीद देतात. तिसऱ्या शिदोला खेळाडू बाद.

महिलांचे ऑलिम्पिकमध्ये सात वजनी गट आहेत: 48, 52, 57, 63, 70, 78 आणि 78च्या वर. त्यातला सर्वांत हलका गट 48 किलोंचा. पुरुषांचा ज्युदो 1964 सालीच ऑलिम्पिकमध्ये आला, महिलांना पदकासाठी खेळायला 1992चं बार्सिलोना उजाडलं. म्हणजे बायकांच्या या खेळाचा ऑलिम्पिक इतिहास आपल्यातल्या अनेकांच्या वयाइतकाच आहे.

सतरा वर्षं आणि 345 दिवस

दारियाचा जन्म 10 ऑक्टोबर 2000 रोजी कीव्हमध्ये झाला. वडील गेन्नादी बिलोदिद हे जागतिक स्पर्धेत पदक मिळवलेले ज्युदोपटू, आई स्वितलाना कुझ्नेत्सोवा ज्युदोच्या प्रशिक्षक. ज्या घरात हा खेळ जेवणाच्या ताटावरही चालतो, अशा घरातली ही मुलगी. 2017 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती वॉर्सात युरोपची विजेती झाली. मुलींच्या गटातली नव्हे, थेट मोठ्यांच्या स्पर्धेतली.

20 सप्टेंबर 2018 रोजी बाकूमध्ये जागतिक स्पर्धेची 48 किलोंची अंतिम लढत झाली. समोर होती जपानची फुना तोनाकी, त्या वेळची विश्वविजेती. दारिया जिंकली. त्या दिवशी तिचं वय होतं 17 वर्षं 345 दिवस. ज्युदोच्या इतिहासातली सर्वांत लहान विश्वविजेती. त्याआधीचा विक्रम होता जपानच्या र्योको तामुरा म्हणजे पुढच्या र्योको तानी यांचा. 1993 साली त्या जिंकल्या तेव्हा 18 वर्षं 27 दिवसांच्या होत्या. तानी पुढे सात वेळा विश्वविजेत्या झाल्या, दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकल्या. अशा बाईचा विक्रम मोडणं म्हणजे काय, हे जपानमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

पुढच्या वर्षी, 2019च्या ऑगस्टमध्ये, जागतिक स्पर्धा जपानमध्येच होती. जागा तोक्योतलं निप्पॉन बुदोकान, ज्युदोच्या लोकांचं पंढरपूरच म्हणा ना. अंतिम लढतीत पुन्हा तोनाकी. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. आणि पुन्हा दारियाच जिंकली.

एक किलो पडवळ, एक किलो सुरण

आता त्या दोघींना शेजारी उभं करून बघा. तोनाकीची उंची 148 सेंटिमीटर. दारियाची 172. फरक 24 सेंटिमीटरचा, म्हणजे एका वितेहून थोडा जास्तच. आणि दोघींचं वजन एकच.

पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे. पण वजनी गट फक्त वजन मोजतो. मंडईत एक किलो पडवळ आणि एक किलो सुरण घेतलं तर काट्याच्या लेखी दोन्ही सारखंच. एक हातभर लांब, एक ओंजळीत मावणारं, आत घट्ट. 48 किलोंत बहुतेक मुली सुरणासारख्या असतात: बुटक्या, भक्कम, जमिनीला धरून राहणाऱ्या. दारिया त्यांच्यात पडवळासारखी उंच होती.

त्या उंचीचं ती काय करायची, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सर्वसाधारण ज्युदोपटू कॉलर धरते ती गळ्याच्या खाली, छातीजवळ. दारियाचा हात प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून पलीकडे जायचा, थेट पाठीवर आणि कधी कधी पार पट्ट्यापर्यंत. समोरची मुलगी त्या हाताखाली वाकायची. पाठ वाकली की डोकं खाली, डोकं खाली गेलं की डोळ्यांसमोर फक्त मॅट. त्याच क्षणी दारियाचा लांब पाय दोन पायांच्या मधून आत शिरायचा, मागून पोटरीला अडकायचा आणि ओढायचा. वर हात खाली दाबतोय, खाली पाय स्वतःकडे ओढतोय, आणि समोरची मागे पाठीवर. या डावाचं जपानी नाव ओउची-गारी. आपल्याकडे आखाड्यात आतून टांग घालतात, त्याच्या जवळचाच हा डाव.

खाली मॅटवर पडल्यावरही ते लांब पाय कामाला यायचे. समोरच्या खेळाडूची मान आणि एक हात दोन्ही पायांच्या त्रिकोणात अडकवायचा, मग आवळायचं किंवा उलटवून दाबून धरायचं.

"मग उंचीवरच जिंकली की! यात कौशल्य कुठे?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. लांब पहारेनं दगड सहज हलतो, हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं. लांब हात, लांब पाय म्हणजे लांब पहार.

पण उंचीचा तोटाही तेवढाच असतो. उतरंडीतला सगळ्यात वरचा मडका आधी कलंडतो. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो. बुटकी खेळाडू त्याच्या खाली घुसली, खांदा पोटाखाली घातला, की उंच खेळाडू सहज तिच्या पाठीवरून पलीकडे जाते. ज्युदोचे निम्मे डाव खाली घुसण्याचेच आहेत. म्हणून दारियाला प्रत्येक लढतीत पहिल्या काही सेकंदांतच आपली पकड मिळवावी लागायची. ती मिळाली नाही तर तिची उंची तिच्याच विरोधात जाणार होती. पकडीसाठी हातांची जी झटापट चालते, तिथेच तिचं कौशल्य होतं.

आणखी एक गोष्ट, जी टीव्हीवर कुणी सांगत नाही. कुस्तीत बुटका पैलवान उंच पैलवानाचा पट काढतो, खाली वाकून पायच पकडतो. ज्युदोतही पूर्वी हे चालायचं. 2010 साली हातानं पाय पकडण्यावर पहिली बंधनं आली आणि 2013पासून ते पूर्ण बंद झालं. म्हणजे बुटक्या खेळाडूचं एक जुनं हत्यार नियमानंच काढून घेतलं होतं, आणि त्यानंतर काही वर्षांतच दारिया मोठ्यांमध्ये उतरली. हा नियम नसता तर तिला आपल्या लांब पायांची राखण फार जास्त करावी लागली असती. एखाद्या खेळाडूचं यश तिच्या काळाच्या नियमांत कसं बसतं, ते इथे स्वच्छ दिसतं. यानं तिचं श्रेय कमी होत नाही. नियम सगळ्यांना सारखाच होता आणि उंच मुली इतर देशांतही होत्या.

48 किलोंची खरी किंमत

आता आपण काट्यावर येऊ.

डॉक्टर वजन आणि उंची यांचं प्रमाण काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं प्रौढ माणसाचा हा आकडा 18.5च्या खाली गेला की वजन कमी समजतात. 172 सेंटिमीटर उंचीची मुलगी 48 किलोंवर असेल तर आकडा येतो 16.2. हे गणित तुम्ही स्वतः मोबाइलवर करून बघा. खेळाडूच्या अंगात चरबी कमी आणि स्नायू जास्त असतात, त्यामुळे हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण स्नायू तर चरबीपेक्षा जड. म्हणजे इतकं स्नायूदार शरीर 48वर आणायचं तर शरीरात बाकी काही शिल्लक ठेवायचंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

वजन उतरवण्याचे दोन भाग असतात. पहिला आठवड्यांचा: कमी खाणं, चरबी उतरवणं. दुसरा शेवटच्या दोन-तीन दिवसांचा, आणि तो बहुतेक पाण्याचा असतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी प्यायचं नाही, मीठ बंद, जाड कपडे घालून धावायचं, घाम काढायचा. वजन झालं की रात्रीत पाणी आणि अन्न परत भरायचं आणि सकाळी लढायचं.

एकदा एका जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी हे जवळून पाहिलं आहे. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी दोन स्वेटर घालून हॉलभोवती पळत होती. तोंड कोरडं पडलेलं, ओठांना पांढऱ्या कडा. काट्यावर चढताना तिनं श्वास सोडून दिला, जणू हवेचंही वजन होतं. काटा बरोबर आकड्यावर थांबला तेव्हा तिच्या आईनं डोळे पुसले आणि बाटली पुढे केली. मुलीनं पहिला घोट घेतला, पण तिला तो गिळता आला नाही, इतका घसा सुकला होता. तेव्हापासून वजनी गटाचे आकडे मी नुसते आकडे म्हणून वाचू शकत नाही.

"विनेशला बाद केलं, ज्युदोत असं होत नाही का?"

होतं, पण नियम थोडे वेगळे आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. ऑलिम्पिकच्या कुस्तीत एका वजनी गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. विनेशनं पहिल्या दिवशी तीन लढती जिंकल्या, दुसऱ्या सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरले आणि आधीचे विजयही गेले.

ज्युदोत एका गटाची पूर्ण स्पर्धा एकाच दिवशी संपते. वजन आदल्या संध्याकाळी होतं. पण रात्रीत कुणी बेसुमार वजन वाढवू नये म्हणून सकाळी काही खेळाडूंची चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून पुन्हा वजन घेतात, आणि तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन चालत नाही. 48 किलोंसाठी ही हद्द 50.4 किलो होते. म्हणजे खेळाडूला थोडा श्वास घ्यायला जागा आहे, पण आठवडाभर उपाशी राहून रात्रीत चार किलो परत भरायचे, ही वाट बंद.

तोक्यो, एक वर्ष उशिरा

2020चं ऑलिम्पिक महामारीमुळे एक वर्ष पुढे गेलं. तिशीतल्या खेळाडूला एक वर्ष म्हणजे एक वर्षच. पण दारिया तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती आणि अंग अजून भरत होतं. ज्या शरीराला 48मध्ये बसवण्यासाठी आधीच एवढी ओढाताण होती, त्याला आणखी बारा महिने त्याच चौकटीत ठेवायचं होतं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात अवघड वर्ष, आणि त्याची नोंद कुठल्याच निकालात होत नाही.

24 जुलै 2021. जागा पुन्हा बुदोकान. उपांत्य फेरीत पुन्हा तोनाकी. दोन जागतिक अंतिम लढतींत हरलेली तोनाकी या वेळी जिंकली. उंचीचा फरक तोच होता, 24 सेंटिमीटरचा. "उंचीवरच जिंकायची" म्हणणाऱ्यांनी ही लढत जरूर आठवावी. तोनाकी अंतिम फेरीत कोसोव्होच्या दिस्त्रिया क्रास्निकीकडून हरली आणि सुवर्ण कोसोव्होला गेलं.

ज्युदोत दोन कांस्यपदकं असतात, हेही अनेकांना गोंधळात टाकतं. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना आपसात खेळून परत वर येण्याची एक संधी मिळते. तिथे जिंकलेल्या दोघी उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींशी खेळतात. अशा दोन लढती, म्हणून दोन कांस्य. दारियानं इस्रायलच्या शिरा रिशोनीला हरवून कांस्य मिळवलं. जिंकल्यावर ती रडली. त्या रडण्याचे फोटो सगळीकडे आले आणि अनेकांनी ते दुःखाचे म्हणून वाचले. पण युक्रेनच्या एका महिलेला ज्युदोत मिळालेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक होतं. सुवर्णाची आशा होती, ते हुकलं, आणि तरी देशाच्या इतिहासात पहिली ओळ लिहिली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच चेहऱ्यावर मावत नसाव्यात.

"वजन वाढवलं तर सोपं व्हायला हवं ना?"

तोक्योनंतर दारिया 48 सोडून थेट 57मध्ये गेली. मधला 52चा गट ओलांडला. लोकांना हे विचित्र वाटतं. गणित पुन्हा करू: तिच्या उंचीला 52 किलोंचा आकडा येतो 17.6, म्हणजे अजूनही 18.5च्या खाली. 57वर तो 19.3 होतो. म्हणजे 52मध्येही तीच उपासमार, फक्त थोडी सौम्य. 57मध्ये मात्र शरीर पहिल्यांदा नीट श्वास घेऊ शकतं.

मग जिंकणं सोपं का झालं नाही? 48 ते 57 म्हणजे सुमारे 19 टक्के वाढ. 48च्या तयारीत ज्या ताकदीवर तुम्ही सगळ्यांना ओढत होता, ती 57मध्ये फक्त प्रवेशाची फी ठरते. समोरच्या मुली त्या वजनात वाढलेल्या, त्याच वजनाचे डाव वर्षानुवर्षं घोटलेल्या. उंचीचा फरकही कमी होतो, कारण वरच्या गटात मुली मुळातच उंच असतात. पाठीवरून जाणारा जो हात तोनाकीवर सहज बसायचा, तो इथे खांद्यावरच अडतो. म्हणजे तिच्या खेळाचा पायाच नव्यानं घालावा लागणार होता.

त्यात क्रमवारी. ज्युदोत जागतिक क्रमवारीचे गुण वजनी गटाप्रमाणे मोजतात. गट बदलला की दोन वेळच्या विश्वविजेतीलाही नव्या गटात तळापासून चढावं लागतं. क्रमवारीत खाली म्हणजे मानांकन नाही, आणि मानांकन नाही म्हणजे पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बलाढ्य प्रतिस्पर्धी. शाळा बदललेल्या हुशार मुलीला मागच्या बाकावर बसवतात, तसंच हे.

57 किलोंचा गट किती चुरशीचा आहे, याचा नमुना पॅरिसमध्ये दिसला. 2024च्या अंतिम लढतीत कॅनडाची क्रिस्ता देगुची आणि दक्षिण कोरियाची हू मिमी जादा वेळेत गेल्या. कुणालाच पाठीवर टाकता येईना. शेवटी खोट्या हल्ल्याबद्दल हूला तिसरा शिदो मिळाला आणि सुवर्णाचा निकाल लागला. जगातल्या दोन सर्वोत्तम मुलींमध्ये अंतर एवढंच. दारियाही पॅरिसला होती, पण तिला पदक मिळालं नाही. या गटात हे अपयश आहे असं मला म्हणवत नाही.

"युद्ध आणि ज्युदो यांचा काय संबंध?"

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं, तेव्हा दारियाचं नव्या वजनात जाणं नुकतंच सुरू होत होतं. पुढच्या काळात युक्रेनच्या अनेक खेळाडूंप्रमाणे तिला मायदेशाबाहेर सराव करावा लागला. ज्या खेळात रोज अंगावर घेऊन आपटायला जोडीदार लागतात, तिथे आपली तालीम सोडणं म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगणं.

ज्युदोचा संबंध याहून थेट आहे. व्लादिमीर पुतिन हे स्वतः ज्युदो खेळलेले आणि आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे मानद अध्यक्ष होते. आक्रमणानंतर काही दिवसांत महासंघानं त्यांचं हे पद आधी स्थगित केलं, मग काढून घेतलं. पण रशियन खेळाडूंचं काय करायचं, हा प्रश्न सुटला नाही. 2023च्या मे महिन्यात दोहाच्या जागतिक स्पर्धेत रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना तटस्थ म्हणून, देशाच्या झेंड्याशिवाय खेळू द्यायचं महासंघानं ठरवलं. युक्रेननं आपला संघ मागे घेतला. त्यामुळे दारियालाही ती जागतिक स्पर्धा खेळता आली नाही.

इथे कुणीतरी नक्की विचारणार: "खेळाडूंचा काय दोष? राजकारण बाहेर ठेवा." हा प्रश्न प्रामाणिक आहे. युक्रेनचं म्हणणं असं होतं की परवानगी मिळालेल्यांपैकी बरेच जण रशियन सैन्याच्या नोकरीत आहेत. मग ते तटस्थ कसे? महासंघाचं म्हणणं, आम्ही प्रत्येकाची तपासणी केली आहे. मला युक्रेनच्या बाजूचं वजन जास्त वाटतं. पण जागतिक स्पर्धा सोडली की ऑलिम्पिकच्या पात्रतेचे गुणही सुटतात, आणि ही किंमत रशियानं नव्हे, दारियासारख्यांनी मोजली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये युक्रेनच्या सरकारनं आपला नियम सैल केला आणि तटस्थ खेळाडूंसमोर उतरायला परवानगी दिली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. 2025च्या नोव्हेंबरमध्ये महासंघानं रशियन खेळाडूंना झेंडा आणि राष्ट्रगीतही परत दिलं. म्हणजे हा वाद संपलेला नाही, उलट नव्यानं पेटला आहे.

नवं वजन, नवा गट, शून्यातून क्रमवारी, परक्या तालमी आणि हुकलेली जागतिक स्पर्धा. हे सगळं एका ओळीत ठेवलं की "कोमेजलं" हा शब्द मला तरी वापरता येत नाही.

"मग वजनी गटच नकोत!"

पूर्वी ज्युदोत वजनाशिवायची खुली स्पर्धाही असायची आणि कानोंच्या काळात तर वजनी गट हा विचारच नव्हता. पण 48 किलोंच्या मुलीनं 90 किलोंच्या मुलीशी पदकासाठी रोज लढायचं म्हटलं, तर हलक्या मुलींसाठी खेळच उरणार नाही. वजनी गटांमुळेच 148 सेंटिमीटरची तोनाकी विश्वविजेती होऊ शकली. अडचण गटात नाही. शरीर कुठल्या गटात नैसर्गिकपणे बसतं हे न पाहता "खाली उतरवलं तर पदक मिळेल" अशी घाई होते, अडचण तिथे आहे. ती घाई फार लहान वयात सुरू होते, आणि बहुतेक वेळा मुलीला विचारून होत नाही. मुलगी वाढत असेल तर गटही वाढू द्यावा, हे मला प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक उस्तादाला सांगावंसं वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण जवळ आहे. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये भारताची एकच ज्युदोपटू होती, मणिपूरची सुशीला लिकमाबाम, आणि तिचा गटही 48 किलोंचाच. ती पहिल्याच फेरीत हंगेरीच्या अनुभवी एवा चेर्नोविच्कीकडून हरली. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं याच वजनात रौप्य जिंकलं. आणि त्याच 2022 साली, मणिपूरचीच लिंथोई चनाम्बम सारायेव्होत कुमारांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकून आली. ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत, कुठल्याही वयोगटात, भारताचं ते पहिलं सुवर्ण. तिचा गट होता 57 किलो. तीन वर्षांनी, 2025च्या ऑक्टोबरमध्ये, लिमात तिनं कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. तेव्हा ती 57मध्ये नव्हती. 63मध्ये खेळली.